हिरामावशीचं बोलणं मला कळायचं

फोन आला तेव्हा मी कुसगावात एका शाळेच्या फाटकाशी मोजपट्टी धरून उभी होते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे. तो कुणी मोजत नाही, म्हणून आम्ही मोजतो. त्या दिवशी पट्टीचं दुसरं टोक धरायला कुणी मिळालं नाही, म्हणून ते मी टपरीवाल्याच्याच हातात दिलं होतं. तो पट्टी ताणत मागे मागे सरकत होता आणि ओरडत होता, "मॅडम, जरा सैल सोडा की, अजून जाईल!" तेवढ्यात संतोषचा फोन. संतोष म्हणजे हिरामावशीचा मुलगा, आंबीच्या एका कंपनीत कामाला. "ताई, आई गेली सकाळी…" एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुम्ही येताय ना?" मी हो म्हटलं आणि पट्टी गुंडाळायला लागले. पलीकडून टपरीवाला विचारतोय, "काय झालं मॅडम? टपरी बाहेर बसली का आत?" मला त्याला काही सांगावंसं वाटलं नाही. या बाईबद्दल त्याला कुठून सांगायला सुरुवात करायची, तेच कळेना.

वाडीत पोचले तेव्हा ओट्यावर माणसं दाटीने बसली होती. आंबीच्या अलीकडची छोटी वाडी, एका बाजूला कंपन्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. जो तो हिरामावशीबद्दल बोलत होता. एक जण म्हणाला, "लय ग्वाड बोलायची हो." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "शेवटपर्यंत दोन शबुद बोलल्याबिगर सोडायची न्हाई कुनाला." मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला इतकी चीड येत होती की सांगता येत नाही. अहो, तोंडाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं बोलणं तुमच्यापैकी एकालाही कळत नव्हतं! ती बोलायला लागली की तुम्ही "व्हय व्हय" म्हणत चपला शोधायचात. तिचा पोटचा मुलगासुद्धा तिच्याशी हाताच्या खुणांनी बोलायचा, जणू ती बहिरीच आहे. आता काही आठवडे उलटलेत, राग थोडा निवलाय, म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाला देव करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला जमायची नाही. हिरामावशी तिरसट होती. हट्टी होती. चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवायची. आणि माझ्याशी तिचं पहिलं वाक्य होतं, "तू खोटं बोलतीस."

ते असं झालं. मी तंबाखूविरोधी काम करणाऱ्या एका संस्थेत नवी होते आणि त्या वाडीतल्या समाजमंदिरात बायकांपुढे बोलत होते. आमच्या पत्रकात सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'तंबाखूचा एकही उपयोग नाही!' मी तेच तावातावाने सांगत होते. मागे खांबाशी तोंडावर पदर घेतलेली एक बाई बसली होती. तिने काहीतरी आवाज केला. पुढच्या दोघी-चौघी हसल्या. एक म्हणाली, "तुमी बोला मॅडम, ती तशीच करती." मी थांबले आणि म्हटलं, "मावशी, परत सांगा." तिने परत सांगितलं. बायका परत हसल्या. तिसऱ्यांदा मला कळलं. मला कळलं याचं कारण एवढंच की माझ्या आजोबांना लकवा मारला होता आणि लोणावळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचं बोलणं मलाच उमगायचं. दुकानदाराला, डॉक्टरला, सगळ्यांना त्यांच्या वतीने मीच सांगायचे. असं बोलणं ऐकताना शब्दांच्या मागे धावायचं नसतं, सूर धरून बसायचं असतं. "मी खोटं बोलते?" मी विचारलं. पदराच्या आतून उत्तर आलं आणि ते मी मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, "मावशी म्हणतात, उपयोग नसता तर कुणी दातांना लावली असती का?"

हसू थांबलं. बायका माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघायला लागल्या. मला वाटतं ऑपरेशनानंतर पहिल्यांदाच.

तिच्या तोंडाची डावी बाजू गेली होती. जबडा काढला होता, जिभेचाही तुकडा गेला होता. ओठ पुरते मिटत नव्हते, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं हवेत निसटून जायची. र आणि ल तर कायमचेच गेले होते. हे सगळं कशाने झालं, तर मिशरीने. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. बोटावर घ्यायची आणि दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्या तालुक्यात सकाळी ज्या बाईने मिशरी लावली नाही तिचा दिवस सुरू होत नाही, अशा आळ्याच्या आळ्या आहेत. पण त्या बाईला विचारा, तंबाखू खाता का? ती अंगावर येईल. तंबाखू पुरुष खातात, बाया मिशरी लावतात. हिरामावशीलाही दवाखान्यात पहिल्यांदा विचारलं होतं, "तंबाखू खाता?" ती म्हणाली, "न्हाई." आणि ते तसंच लिहून घेतलं गेलं. ती खोटं बोलली नव्हती. तिच्या हिशेबी ती औषध लावत होती. लग्न होऊन आली त्या वर्षी दाढ ठणकायला लागली, सासूने बोटभर मिशरी दिली, ठणका थांबला. दाढेचा ठणका तंबाखूने खरंच बधिर होतो. म्हणून तर बाई परत परत तिथे बोट नेते, आणि खाली काय कुजतंय ते तिला कळत नाही. पुढे तोंडात जखम झाली, तर तिच्यावरही तिने मिशरीच दाबली. "दुखायचं थांबायचं गं," ती मला म्हणाली होती. "दुखायचं थांबलं की बरं झालं, असंच समजत हुते मी." हे वाक्य मी आजवर शेकडो बायकांना सांगितलंय. माझ्या कुठल्याही पत्रकाला ते कधी सुचलं नसतं.

मग आम्ही दोघी फिरायला लागलो. तिने बोलायचं, मी सांगायचं. कामशेतच्या बाजारात, पवनेकडच्या गावांत, कंपन्यांच्या फाटकांबाहेर, जिथे पहारेकरी कामगारांचे खिसे चाचपून तंबाखूच्या पुड्या काढून घेतात आणि त्यांच्या घरी बायका काय लावतात याची कुणाला फिकीर नसते. मावशी उभी राहायची, पदर बाजूला करायची आणि सुरुवात जळवांपासून करायची. भाताच्या खाचरात पायाला जळू लागली की तंबाखूचं पाणी टाकायचं, गळून पडते. म्हशीच्या कानामागे गोचीड झाले की तंबाखू उकळून ते पाणी लावायचं, मरतात. सुजलेल्या गुडघ्यावर तंबाखूचं पान गरम करून तिची सासू बांधायची. हे सगळं ती अगदी मन लावून सांगायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा, कारण आमच्या संस्थेतले एक साहेब मागे उभे असायचे. सांगून झालं की ती वासरावर यायची. एकदा गोचिडांवर लावलेलं पाणी वासराने चाटलं. थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला, आणि तिच्या मांडीवर मेलं. इथे ती थांबायची… मी पण थांबायचे. मग म्हणायची, "त्यात इख हाय म्हनून तर गोचीड मरतंया. आन त्येच आपन दातावर लावतोय. वासरू मेलं तवाच मला कळाया पायजे हुतं. पर मी काय केलं? वासरू पुरलं, हात धुतलं आन मिशरी लावत बसले."

साहेबांना हे पटायचं नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणायचे, "उपयोग सांगायचे नाहीत. लोक तेवढंच घेऊन घरी जातात." त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. एका गावात कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा गालात चिमूट धरून आले आणि म्हणाले, "म्हंजी औषधीच हाय म्हना की!" मावशी माझ्याकडे वळून काही पुटपुटली. मी आजोबांना म्हटलं, "मावशी विचारतात, तुमच्या तोंडात जळू लागलीय का?" सगळं गाव हसलं. आजोबाही हसले, पण चिमूट काही थुंकले नाहीत. असंच असतं हे काम. टाळ्या मिळतात, चिमूट तोंडातच राहते. मी साहेबांना मात्र स्पष्ट सांगितलं, की ती जे बोलेल ते मी पूर्ण सांगणार. अर्धं सांगायचं असेल तर दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस नव्हताच, कारण तिचं बोलणं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

एकदा कुठल्याशा मासिकात मी वाचलं, की तंबाखूच्याच जातीच्या झाडात आता लस बनवायचे प्रयोग चालतात. जीपमधून येताना तिला सांगितलं. तिला इतका आनंद झाला की विचारू नका. "बघ!" ती म्हणाली, "झाडाचा काय दोस? झाड बापडं हुबं ऱ्हातं. तव्यावर घालनारी मी." हे ती हसत म्हणाली, आणि मग तळेगाव येईपर्यंत बाहेर बघत बसली.

तव्यावर घालणारी ती, हे अक्षरशः खरं होतं. आळीतली सगळ्यात चांगली मिशरी हिराबाईची, असा तिचा लौकिक होता. तंबाखू ना कच्ची ना जळकी, अशी तिलाच भाजता यायची. उजाडलं की बायका तिच्या ओट्यावर यायच्या. बोटं तोंडात, पदर सावरलेला, आणि गप्पा. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या जागेला कंपनीवाले किती देतायत, कुणाची म्हैस आटली. मी या ओट्यांवर फार राग काढलाय. भाषणात त्यांना मृत्यूचे अड्डे वगैरे म्हटलंय. पण एक गोष्ट मावशीमुळे कळली. बायकांना दिवसभरात तेवढाच वेळ असा असतो की ज्यात त्यांना कुणी ऊठ म्हणत नाही. तोंडात मिशरी आहे, म्हणजे बाई कामात आहे. आता हे सोडा म्हणणारी मी, त्या वेळेच्या बदल्यात त्यांना काय देत होते? एक पत्रक. तेही रंगीत.

ऑपरेशन करून मावशी घरी आली आणि ओटा रिकामा झाला. भांडण नाही, काही नाही. बायकांनी सकाळचं बसणं देवळामागच्या पाण्याच्या टाकीपाशी हलवलं, बस्स. मिशरी आता दुकानातल्या पुडीची आणायला लागल्या. तिच्याकडे बघत मिशरी लावणार कशी, आणि तिच्याकडे न बघता तिच्या ओट्यावर बसणार कशी! त्यांच्यात पहिली उठून गेली ती पारूकाकू. पारूकाकू म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघी एकाच मांडवात दोन भावांना दिलेल्या, एकाच सासूच्या हाताखाली राबलेल्या, त्याच सासूकडून मिशरी लावायला शिकलेल्या. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली आणि दोन घरं झाली, एवढंच. हिरामावशीला सगळ्या गावाने सोडलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटतं. पारूने सोडलं ते तिला सहन होत नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की पारूकाकूच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता. ती हसताना मावशीने तो पाहिला होता.

"तिला दावखान्यात न्ये," मावशी मला म्हणाली. "माझं काय व्हायचं ते झालं. तिला न्ये." मी गेले. पारूकाकूने मला अंगणातच उभं केलं. "मला काय धाड भरलीय? तिच्या तोंडाकडं बघून तुमी समद्यांच्या तोंडात बोटं घालनार का आता?" मी पुन्हा गेले, चित्रं घेऊन गेले, आमच्या संस्थेची मोठी चित्रं, कुजलेल्या गालांची. तिने ती उलटी करून खाली ठेवली आणि म्हणाली, "जेवायची येळ हाय. असलं काय आनतीस?" मी मावशीला म्हटलं, जमत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती टाकीपाशी जायला लागली. हे मला टाकीपाशी बसणाऱ्या बायकांनीच नंतर सांगितलं. सकाळी यायची, पारूकाकूच्या समोर बसायची, पदर खांद्यावर टाकायची आणि चेहरा उघडा ठेवून बसायची. बोलायची नाही. बोलून उपयोग नव्हताच, मी नसताना तिचं कुणाला कळणार? पहिल्या दिवशी बायका लवकर उठल्या. मग त्यांना सवय झाली. पारूकाकूला झाली नाही. ती वाकडी होऊन बसायची, पाठ करून बसायची. एक दिवस सगळ्यांसमोर कडाडली, "माझ्या सकाळची माती केलीस तू! बोलता येत न्हाई तर गप घरात बस की!" मावशी उठली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली. मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडले. म्हटलं, "इतका अपमान करून घ्यायचा असतो का?" ती म्हणाली, "अपमान कसला? ती माझ्याशी बोलली की गं." आणि तिच्या डोळ्यांत खरोखर आनंद होता.

उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायच्या वेळी गोष्ट फिरली. अंगणात मिरच्या भाजून कुटणं चाललेलं. पारूकाकूने नव्या तिखटाचा ठेचा भाकरीवर घेतला, पहिला घास तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिने घास ताटाखाली काढून ठेवला आणि म्हणाली, "औंदा मिरचीच जहाल निघाली." बाकीच्या बायका तोच ठेचा मिटक्या मारत खात होत्या. त्या दिवशी मी वाडीतच होते, मावशीच्या घरात. दुपारी दारात सावली पडली. पारूकाकू. इतकी अवघडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. कुणाकडेही न बघता ती मावशीसमोर खाली बसली. "बघ एकदाचं," म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

मावशीने माझा मोबाइल मागितला आणि त्याचा उजेड पाडला. ती फार वेळ बघत होती. बोटाने जावेचा ओठ खाली ओढून, गाल बाजूला करून, एखाद्या लहान मुलाच्या तोंडात बघावं तसं. मग एक वाक्य बोलली. पारूकाकूने माझ्याकडे बघितलं. "काय म्हनली? खरं सांग. गोड करून सांगू नगंस." मी सांगितलं, "त्या म्हणतात, माझंही पहिल्यांदा एवढंच होतं." पारूकाकू रागाने म्हणाली, "मंग तू तवाच का गेली न्हाईस गं दावखान्यात?" मावशीने उत्तर दिलं आणि ते सांगताना मला हसू आवरेना. "त्या म्हणतात, मला कुठं माझ्यासारखी जाऊ होती? माझ्या शेजारी तू होतीस. रोज मिशरी मागायला यायचीस." एक क्षण मला वाटलं, आता ही उठून जाणार. पण पारूकाकू हसली. तोंडावर हात धरून, हलत हलत हसली. मावशी हसली की तिच्या उघड्या बाजूने शिटीसारखा आवाज यायचा, तोही येत होता. त्या घरात मी इतकं हसणं त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

आम्ही तिघी तळेगावच्या दवाखान्यात गेलो. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. पण मिशरी चालू राहिली तर उद्या होऊ शकतो, असं डॉक्टरांनी रोखठोक सांगितलं. मला त्या डॉक्टरीणबाई आवडल्या. मिशरी सुटावी म्हणून त्यांनी निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं. पारूकाकूने ते काय आहे ते माझ्याकडून समजून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "तंबाकू सोडाया तंबाकूचाच अर्क चघळायचा? मंग हिरी काय वाईट सांगत हुती, औषध हाय म्हनून?" मी तिला सांगितलं, की मोजून दिलं, नीट दिलं, सोडवण्यासाठी दिलं तर औषध. तव्यावर भाजून रोज हिरडीला घासलं तर ज्याने वासरू मेलं ते. हे मला एरवी कुणी विचारलं असतं तर मी अर्धा तास बोलले असते. त्या दोघींच्या संगतीत राहून मला थोडक्यात बोलता यायला लागलं होतं.

पारूकाकूची मिशरी एका दिवसात सुटली असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. ती चुलीमागे पुडी लपवायची. सापडली की म्हणायची, "दात दुखत हुता." मावशी बोलायची नाही, नुसता हात पुढे करायची आणि पारूकाकू पुडी हातावर ठेवायची. मग दोघी ओट्यावर बसायच्या. टाकीपाशी पारूकाकूचं जाणं बंद झालं. म्हणजे तिलाही बायका उरल्या नाहीत… दोघीच उरल्या. एक बोलायची तर दुसरीला कळायचं नाही, पण बसायच्या.

पावसाळ्याच्या अखेरीला मावशीचं दुखणं उलटलं. मानेत गाठ आली. या वेळी काढण्यासारखं काही नव्हतं. नाकातून नळी घातली, पातळ खाणं त्यातून. आवाज रोज बारीक होत गेला. मी लोणावळ्याहून गाडी मिळेल तशी जायचे, कारण मला भीती वाटायची की मी नसताना ती काहीतरी मागेल आणि कुणाला कळणार नाही. कुणाला पाणी हवंय हेसुद्धा कळू नये, इतकं एकटं माणसाने असू नये हो. कॅन्सर मी पुष्कळ पाहिलाय, पण हे एकटेपण कुठल्या पत्रकात छापायचं ते मला अजून समजलेलं नाही. चट्टा दाखवता येतो, गळलेला जबडा दाखवता येतो. एक बाई दिवसभर बोलतेय आणि घर तिच्याभोवती कामं करतंय, याचं चित्र कसं काढणार?

शेवटच्या भेटीत ती डोळे मिटून पडली होती. मी जायला उठले तेव्हा तिने डोळे उघडले आणि काही बोलली. मी वाकले. कळलं. सांगितलं तेवढं केलं आणि निघाले. चार दिवसांनी कुसगावात फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर, माणसं पांगल्यावर, मी पुन्हा वाडीत गेले. संतोष कामावर गेला होता, मावशीच्या घराला नुसती कडी. पारूकाकू तिच्या दारात एकटी बसली होती, हात मांडीवर, करायला काही नाही अशी. मला बघून म्हणाली, "ये. चा ठेवते." पण उठली नाही. मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही समोरच्या कंपनीची भिंत बघत होतो. मग तिने विचारलं, "तुला लास्टला काय बोलली ती? समदे म्हनत्यात, तुलाच म्हाईत." तिच्या आवाजात असं काही होतं की मला वाटलं, काहीतरी मोठं सांगावं. पण मावशीचं बोलणं मी कधी बदलून सांगितलं नव्हतं. "पाऊस येईलसं वाटतंय म्हणाल्या. दोरीवरचे कपडे आत घ्यायला सांगितले." पारूकाकू माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आन घेतलंस का?" "घेतले." "बरं क्येलंस."

थोड्या वेळाने तीच पुन्हा बोलली. म्हणाली, तिला शेवटी शेवटी हिरीच्या बोलण्यातलं बाकी काही उमगायचं नाही, पण एक उमगायचं. उजाडलं की मावशी तिकडून हाक मारायची आणि ही उठून जायची. वाटणीची भिंत वर कौलांपर्यंत भिडलेली नाही, मधे हातभर फट आहे, तिथून आवाज येतो. "मला हाक मारायची. माझं नाव घ्यायची, त्ये मला कळायचं. आता उजाडतं आन…" तिने वाक्य पुरं केलं नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "तुला येतं का तसं? तिच्यावानी?"

मला आधी कळलं नाही ती काय मागतेय. कळलं तेव्हा मी उठले. शेजारच्या दाराची कडी काढून मावशीच्या घरात गेले. आत उन्हाचा एक पट्टा, तिची गुंडाळलेली वळकटी, पालथं घातलेलं भांडं. मी भिंतीपाशी उभी राहिले, जीभ एका बाजूला सारली, ओठ अर्धवट सोडले, आणि ज्या आवाजात एवढी वर्षं मी कधीच बोलले नव्हते, जो नेहमी बदलून, साफ करून लोकांना सांगत आले होते, त्या आवाजात हाक मारली. पारू म्हणायचं, पण त्यात प नाही, र नाही. "हाऽऊऽऽ…"

भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं. "व्हय गं, आले, आले." पायांचा आवाज मात्र झाला नाही. मी वाट बघत उभी राहिले.